गळ्याची थरथरती रेघ

अन्याय झाला तो विमल पगारे यांच्यावर. गेल्या होळीच्या आधीच्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसलेल्या चाळीसेक बायांच्या देखत. करणारी मी.

बाई, माझी सगळी पत्रकं अशीच सुरू होतात. कोणावर, कधी, कुठे, कोणी. तुम्ही हसायचात. म्हणायचात, तुझं पत्रक म्हणजे ठाण्यातली फिर्याद, फक्त हवालदाराची सही तेवढी राहिलेली असते. आजवर ‘कोणी’च्या पुढे मुकादमाचं नाव लिहिलं, मालकाचं लिहिलं, एकदा नगरसेवकाचं लिहिलं. स्वतःचं लिहायला बसले तेव्हा कळलं की चार शब्दांची ओळ किती लांब असते.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. रडू आलं, पण थोडं. जास्त हायसं वाटलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. शेवटचे दोन महिने तुमच्या छातीतून येणारा तो आवाज मी ऐकलाय. एक वाक्य बोलायला तुम्हाला तीन श्वास लागायचे आणि तिसऱ्या श्वासाला तुम्ही वाक्यच सोडून द्यायचात. तो आवाज थांबला, हे एक हायसं. दुसरं मला सहा दिवसांनी सापडलं, तुमच्याच गच्चीवर, एका ठशाच्या पाठीवर. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तुमचा फोटो ठेवला होता. पासपोर्टचा, मोठा करून आणलेला. चष्मा, सरळ नजर, ओठ मिटलेले. शाळेतल्या कुणीतरी भाषण केलं, मनपाच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली वगैरे. मी मागे बसून विचार करत होते की या बाईंनी आयुष्यभर लोकांना भिंतीपाशी आडवं, बाजूने उभं केलं, नाकापुढची रेघ बघितली, आणि त्यांना निरोप देताना मात्र समोरून काढलेला फोटो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, समोरून सगळेच मतदार ओळखपत्रासारखे दिसतात.

सहावीत तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर काढलंत. थंडीचे दिवस, सकाळची शाळा, पूर्वेकडची भिंत. भिंतीला कागद चिकटवला आणि एकेकीला बाजूने उभं केलं. भिंतीपासून वीतभर, त्याहून लांब नाही, लांब गेलं की कड पुसट होते. ऊन अजून खाली होतं, सावली कागदावर नीट पडत होती. मग दुसरीने पेन्सिलीने कड आखायची. हलायचं नाही, गिळायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. आम्ही अर्थात हसलो. माझ्या त्या चित्राला दोन हनुवट्या होत्या.

ती चित्रं काळी करून तुम्ही वर्गाच्या भिंतीवर लावलीत, नावाशिवाय. पालकसभेला माझे वडील आले. ते शाळेत फारसे येत नसत, कंपनीत शिफ्ट असायची. त्यांनी एकदा भिंतीवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्या दोन हनुवट्यांवर बोट ठेवलं. ही आमची. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला तेव्हा अभिमान वाटला. त्यातला धडा वीस वर्षांनी कळायचा होता.

आणि अंगठा. लिनो, म्हणजे ठशासाठीचा रबरासारखा जाड तुकडा, कोरायला शिकवताना तुम्ही पहिल्याच तासाला बजावलंत, दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवायचा, पुढे नाही. हे वाक्य पुरं व्हायच्या आत तुमचा स्वतःचा डावा अंगठा पुढे आला आणि हत्यार त्यात घुसलं. वर्गात किंचाळी उठली. तुम्ही पदराने अंगठा गुंडाळलात आणि म्हणालात, बघितलं ना, आता विसरणार नाही. अंगठ्यावर तिरका पांढरा वण राहिला तो कायमचा.

मग मधली वर्षं तुम्ही कुठे होतात मला माहीत नाही, मी कुठे होते तुम्हाला माहीत होतं, कारण माझी पत्रकं तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानावर चिकटवलेली असायची. एकदा रस्त्यात थांबवून म्हणालात, अगं, मजकूर एवढा तापलेला आणि खाली कुठूनतरी उचललेली ती मुठीची चित्रं, शोभतं का? मी म्हटलं, मग तुम्ही द्या काढून. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही.

माझं म्हणणं साधं होतं. चेहरा पाहिजे. नाव पाहिजे. ज्या बाईवर अन्याय झाला ती कोण हे लोकांना दिसलं पाहिजे, नाहीतर लोक हळहळतात आणि वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसतात. तुम्ही सावल्यांचे ठसे दाखवायचात. कॉलनीतली भाजीवाली, स्मशानात लाकडं रचणारा, अंगणवाडीची मदतनीस. काळी बाजू, कोरं मागचं. मी म्हणायचे, बाई, हे सुंदर आहे, पण सावलीवर कधी गुन्हा दाखल होत नाही आणि सावलीच्या नावावर कधी पगार निघत नाही. आपली माणसं पिढ्यान् पिढ्या सावलीच होती, तुम्ही परत त्यांना सावलीत कशाला ढकलता?

हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं. तुम्ही शाईचा रोलर पुसत होतात. मग म्हणालात, “चेहरा बदलतो ग. झोपून उठल्यावर वेगळा, रडल्यावर वेगळा, साहेबापुढे वेगळा. बाजूची रेघ बदलत नाही. सावली लपवत नाही माणसाला. सावली त्याची ओळख सांगते.”

मला ते कलावंताचं बोलणं वाटलं. चहा पिऊन निघून गेले.

मग ती आली. दिंडोरीच्या बाजूची, एवढंच सांगते. द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला. पहाटे पिकअप येते, तीत उभ्याने जायचं, मग दिवसभर टेबलापाशी उभं राहून कात्रीने घड साफ करायचे, मणी निवडायचे. पायाखाली गार फरशी. आणि संडासाला कुलूप. किल्ली मुकादमाच्या खिशात. बाईने जाऊन मागायची, तो दहा जणांसमोर विचारणार, आत्ताच तर गेली होतीस ना? बाया सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. एकीला मूतखडा झाला, एक पाळीच्या दिवसांत खाडे करायची.

हे सगळं तिने मला सांगितलं, मी जसंच्या तसं लिहून घेतलं. फोटो म्हटल्यावर ती उठून उभी राहिली. म्हणाली, ताई, मला घरात दोन पोरी हायत, हंगामाचं काम गेलं तर वर्ष जाईल. मी तुमच्याकडे आले. रागातच आले. म्हटलं, घ्या, तुमच्या सावलीचं काम निघालं. काळा डाग असतो, कोण ओळखणार?

तुम्ही माझ्याकडे तसंच बघितलंत, जसं पालकसभेला बघितलं होतं. मला कळलं नाही. म्हणालात, तिला रविवारी सकाळी साडेसातला पाठव. तू येऊ नकोस. तू आलीस की ती बोलते, बोलली की हनुवटी हलते.

पत्रकाचा मजकूर मी झेरॉक्सवर काढला, सावलीसाठी चौकोन कोरा ठेवला. सावली पण झेरॉक्सच करू म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत. झेरॉक्सचा काळा म्हणजे राखेचा काळा, म्हणालात. प्रत्येक पत्रकावर ठसा ठेवून, भात वाढायच्या पळीच्या पाठीने घासून घासून तुम्ही तो उमटवलात. खोकत, थांबत, परत घासत. मी गठ्ठा घ्यायला आले तेव्हा तुमची बोटं काळी होती आणि पळी पण. मला उशीर होत होता. गठ्ठा उचलला, चित्र धड बघितलंही नाही. शुक्रवारी पहाटे पिकअपच्या थांब्यावर वाटून मोकळी झाले.

रविवारी सभा. बाया आल्या, नेहमीपेक्षा जास्त आल्या, पण कुणी बोलेना. मी बोलत होते. मुकादमावर, कुलपावर, मालकावर. हातात पत्रक होतं. ती खिडकीपाशी बसली होती, बाजूने, उजेडाकडे तोंड करून. आणि त्याच क्षणी मला दोन्ही एकत्र दिसलं, पत्रकावरची सावली आणि खिडकीतली ती. ते एक नव्हतं. नाक दुसरंच. हनुवटी दुसरी. अंबाडासुद्धा वर घेतलेला, ती तसा घालत नाही.

माझं डोकं फिरलं. माझ्या पत्रकात एक अक्षर खोटं नसतं, हा माझा सगळ्यात मोठा माज आहे, तुम्हाला माहीत आहे. चित्र खोटं निघालं तर उद्या मालक शब्दही खोटे म्हणेल. आणि मी ते तिथेच, सगळ्यांसमोर काढलं. तुमच्याकडे बोट करून. म्हटलं, पगारे बाई, हे काय छापलंय तुम्ही? ही ती बाई नाहीच. या गळ्याच्या रेघेकडे बघा, थरथरलीय नुसती, सहावीतल्या पोरीने काढल्यासारखी. जमत नव्हतं तर सांगायचं. आम्ही इथे खऱ्यासाठी भांडतोय आणि तुम्ही अंदाजपंचे सावल्या छापताय. आणि मग मी खिडकीकडे बघत म्हटलं, “नाक बघा, तिचं नाक खरं तर...”

तुम्ही भिंतीचा आधार घेऊन उठलात. एवढ्या पटकन उठताना मी तुम्हाला त्या वर्षात बघितलं नव्हतं. “हात हलला ग माझा,” तुम्ही म्हणालात. “वय झालं. चूक माझी. तू खाली बस आता.”

मी बसले. जिंकल्यासारखी बसले. तुम्ही श्वास घेत उभ्याच राहिलात, माझ्या आणि खिडकीच्या मधोमध. हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, बायांना माझं पटलं.

आता त्या शांततेचा अर्थ सांगते, कारण तो मला मंगळवारी कळला, तिच्या फोनवरून.

शनिवारी, म्हणजे माझ्या त्या भाषणाच्या आदल्या दिवशी, मुकादमाने काम थांबवलं होतं. पत्रक हातात घेऊन तो टेबलांमधून फिरला. एकेकीला भिंतीपाशी नेलं, कामावरची जाळीची टोपी काढायला लावली, आडवं उभं केलं आणि पत्रक गालाशी धरून ताडून बघितलं. एकेक करत तो तिच्यापाशी आला. तिने सांगितलं, ताई, कागद कानाला लागत व्हता, शाईचा वास येत व्हता, मी डोळे मिटून घेतले. त्याने बघितलं, परत बघितलं, म्हणाला, ही नाय, पुढची. शेवटच्या बाईपर्यंत गेला. एकही जुळली नाही.

आणि रविवारी माझ्या सभेत, तिसऱ्या रांगेत, त्याच मुकादमाची भावजय बसली होती. सगळ्या बायांना माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. सबंध हॉलमध्ये माहीत नव्हतं ते एकटीला, जिच्या हातात माइक होता. जे मुकादमाला कागद गालाला लावून सापडलं नाही, ते मी माइकवरून सांगायला निघाले होते. नाक, हनुवटी, अंबाडा. नजर तर केव्हाच खिडकीकडे लावून बसले होते.

पण बाई, तेव्हाही मला पूर्ण उजेड पडला नाही. मला वाटलं, नशीब. म्हातारीचा हात हलला म्हणून ती वाचली. मी संध्याकाळी तुमच्याकडे आले आणि मोठ्या मनाने तुम्हाला माफ केल्यासारखं म्हटलं, बाई, तुमची चूक कामी आली. तुम्ही म्हणालात, “आली ना? मग झालं.” आणि विचारलंत, चहा आल्याचा करू का साधा.

साधा म्हटलं मी. पुढचे आठ महिने मी तेच धरून चालले. पगारे बाईंचा हात गेलाय. दोन पत्रकांना मी तुम्हाला विचारलं नाही, फोनवर काढलेले फोटो टाकले. तुम्हीही का म्हणून विचारलं नाहीत. हा अन्याय रविवारच्या त्या दहा मिनिटांपेक्षा मोठा आहे, पण त्याची वेळ सांगता येत नाही, म्हणून वर लिहिला नाही.

किल्लीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पत्रकाने झालं नाही ते. भिंतीला उभं केल्याने झालं. ज्या बायांनी हंगामभर कुलूप सहन केलं, त्यांना टोपी काढून आडवं उभं राहणं सहन झालं नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्याजणी कात्र्या टेबलावर ठेवून ऑफिसपुढे जाऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या हाताने, एका रांगेत, आडव्या. आता ओळखा, म्हणाल्या. आता किल्ली संडासाच्या दाराशेजारी खिळ्याला असते. मुकादम दुसऱ्या पॅकहाऊसला गेला, सोबत ती भावजयही.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी तुमचा भाचा मिलिंद याने बोलावलं. ठशांच्या पेट्या गच्चीवर आणून ठेवल्या होत्या. म्हणाला, मावशी तुझंच नाव सांगून गेली, तूच लाव काय ते. सकाळची वेळ होती. नोव्हेंबरची थंडी, ऊन तुमच्या त्या पांढऱ्या भिंतीवर.

मी एकेक ठसा उलटून बघत होते. तुमची ती पद्धत मी विसरलेच होते. ज्याची सावली, त्याने निघताना डाव्या अंगठ्याला छपाईची शाई लावून ठशाच्या पाठीवर, लिनोमागच्या प्लायवूडवर, उमटवायचा. शेजारी तुम्ही पेन्सिलीने नाव आणि उन्हाची वेळ लिहायचात. समोरून सावली, पाठीवर माणूस. भाजीवाली सापडली. अंगणवाडीची मदतनीस सापडली. एका कोऱ्या, न कोरलेल्या लिनोच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘प्रज्ञा. बसत नाही.’ मी एकटीच हसले तिथे. तुम्ही कितीदा म्हणाला होतात, तुझी राहिली. मी म्हणायचे, मला लपायचं नाही. म्हणजे शेवटपर्यंत मला कळलंच नव्हतं.

मग पत्रकाचा ठसा हातात आला. गळ्याची थरथरती रेघ बोटाला लागली. उलटला. नाव नव्हतं तिचं. लिहिलं होतं, ‘वि. प. सकाळी ८.४०.’ आणि अंगठा. शाईच्या मधोमध तिरकी पांढरी चीर.

मी मान वर केली. मिलिंद गच्चीच्या कठड्यापाशी फोनवर बोलत बाजूने उभा होता. नाकावर तोच उंचवटा, तीच आखूड हनुवटी. तुमच्या घराण्याचं नाक दहा पावलांवर भिंतीवर पडलं होतं आणि मी आठ महिने त्याला चूक म्हणत होते.

खरं सांगते, लाज आधी वाटली नाही. आधी हायसं वाटलं. एवढं की मी मोठ्याने बरं झालं म्हणाले आणि मिलिंदने वळून बघितलं. कारण याचा अर्थ तुमचा हात गेला नव्हता. ती नशिबाने वाचली नव्हती, तिला वाचवलं होतं. मुकादम पत्रक घेऊन साऱ्या पॅकहाऊसमध्ये जिला शोधत होता ती बाई त्या वेळी कॉलनीत आपल्या गच्चीवर पळी धूत होती. लाज नंतर आली, जिना उतरताना, आणि अजून उतरतेच आहे.

पण एक गोष्ट अडली. आपली सावली आपल्याला आखता येत नाही. रेघेकडे बघायला मान वळवली की रेघच बदलते. हे तुम्हीच सहावीत शिकवलं. मग तुमची कुणी आखली?

दुसऱ्या दिवशी मी दिंडोरीची गाडी पकडली.

ती अंगणात भुईमूग वाळत घालत होती. मी ठसा पिशवीतून काढायच्या आतच म्हणाली, “बाईंचा ना? मीच आखली ती.”

तिने सांगितलं ते असं. सभेच्या आधीच्या त्या रविवारी सकाळी तुम्ही आधी तिचीच सावली काढलीत. कोरलीत. एक प्रत उमटवून तिच्या हातात दिलीत. ती बघतच राहिली. म्हणाली, बाई, ही तर मीच हाय. माझी धाकटी अंधारात बघून पण वळखंल. आणि मग तिला घाम फुटला. तुम्ही काही न बोलता तो ठसा कापडात गुंडाळलात, प्रत वर ठेवलीत, दोन्ही तिच्या पिशवीत घातलंत. ठेव नाहीतर चुलीत घाल, तुझी मर्जी. मग भिंतीवर नवा कागद लावलात, चष्मा काढलात, भिंतीपासून वीतभर उभ्या राहिलात आणि पेन्सिल तिच्या हातात दिलीत. आता तू माझी काढ.

“मी म्हणले, बाई, चौथीनंतर पेन्सिल धरलेली नाय मी,” ती सांगत होती. “नाकापर्यंत बरं गेलं. गळ्याशी आले तर सावलीच हलायला लागली. बाईंचा दम वर आलता. मी थांबले. तर म्हणल्या, थांबू नको. हलतंय तसंच काढ.”

म्हणजे ती रेघ. ‘सहावीतल्या पोरीने काढल्यासारखी.’ ती हात थरथरल्याची नव्हती, किंवा निम्मीच होती. ती तुमच्या श्वासाची होती. कोरताना तुम्ही ती सरळ करू शकला असतात, दोन मिनिटांचं काम. तुम्ही ती तशीच ठेवलीत, वर खाली, वर खाली, आणि मी ती माइकवर नेऊन फाडली. आता तुमचा श्वास थांबलाय. छातीचा आवाज थांबला म्हणून मला हायसं वाटलं होतं ना? तर तो सगळा थांबलेला नाही. गळ्यापाशी बोटभर लांबीचा अजून चालू आहे, शहरभर, किराणा दुकानावर, विहाराच्या फलकावर.

मी तिला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? एवढे महिने?

तिने शेंगा पसरता पसरता सांगितलं, “तुमाला सांगितलं असतं तर पत्रकात आलं असतं.”

बाई, एवढं खरं माझ्याबद्दल कुणी छापलेलं नाही.

तिने आतून तिचा ठसा आणला. लग्नाच्या शालूत ठेवलाय. मी हातात घेतला, बघितला, परत दिला. फोटो काढला नाही. तुमच्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा एक गोष्ट बघून गप्प बसायचं काम केलं, नोंद घ्या.

निघताना मी तिला विचारलं की हे लिहू का. पुढचा हंगाम तोंडावर आहे, ती त्याच टेबलाला उभी राहणार आहे. तिने जरा विचार केला. म्हणाली, आता लिहा. तो गेला, किल्ली खिळ्याला हाय. बाईंचं नाव मोठं लिहा. माझं नाक तेवढं लिहू नका.

नाही लिहिलं. बघा परत वाचून, कुठेही नाही.

आपलं भांडण मात्र मी अर्धंच हरले, हेही सांगते. चेहरा आणि नाव पाहिजे या माझ्या हट्टात खोट नव्हती. ज्या दिवशी तिला स्वतःच्या नावाने, समोर बघून बोलता येईल तो दिवस मला हवाच आहे. तुमचं म्हणणं एवढंच होतं की तोपर्यंत तिच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि उभं राहिल्याचं सांगायचं नसतं. हे शब्दांत तुम्ही कधी म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी वाद घातला असता. माफी मागायला आले असते तरी तुम्ही आल्याचा करू का साधा असंच विचारलं असतंत. आल्याचा, बाई. या वेळी आल्याचा.

आता थोडं वाचणाऱ्यांशी.

ते पत्रक तुमच्यापैकी अनेकांकडे आहे. काहींनी दुकानाच्या काचेला लावलंय, एका शिवणकाम करणाऱ्या ताईने मशीनच्या वर चिकटवलंय, मी बघितलंय. त्यावरची सावली झेरॉक्स नाही, हाताने घासलेली आहे, बोट फिरवलंत तर शाईचा थर बोटाला लागेल. खाली मी मजकुरात लिहिलं होतं, ‘नाव सांगणार नाही.’ ते तसंच राहू द्या. शब्द जिचे आहेत तिचं नाव मला विचारू नका, एकमेकींत कुजबुजू नका, अंदाज बांधू नका. पण सावली जिची आहे तिचं नाव आता सांगता येतं आणि ते लिहायचं काम तुमचं आहे. आज पेन घ्या, निळं नको, काळं घ्या, आणि सावलीच्या खाली ठळक अक्षरात लिहा: विमल पगारे. शेजारी बोटभर जागा कोरी सोडा. ती आखणारीची आहे. ती स्वतः येऊन भरेपर्यंत तिथे कुणीही काहीही लिहू नका.